शिंदीचा रस

कॅनडा-अमेरिकेकडील हौशी मंडळी घरच्या बिअरमध्ये मेपल वृक्षाचा आटवलेला रस स्वादासाठी घालतात. किण्व त्यातील बहुतेक साखर खाऊन टाकते; मागे राहतो तो पुसट गंध. पलसाण्याकडील आम्हां जुन्या मराठी घरांना याचे नवल वाटू नये. गायकवाडी अमलात पलसाणा नवसारी प्रांतात मोडे, आणि शिंदी तर या मुलखाचेच झाड. पहाटेची नीरा, ऊन चढताच ताडी, आटवली तर गूळ! नीरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावीत. शेजारच्या ब्रिटिश मुलखात मात्र १८७८ च्या अबकारी कायद्याने सरकारची नजर त्या रसावरच खिळली, कारण महसूल तिथेच होता. (नियम राबविण्यात आमचीही हयात गेली, महसुलाची ही ओढ आम्ही जाणतो.) १९२२ मध्ये देवीच्या चळवळीत सुरत जिल्ह्यातील असंख्य आदिवासींनी, कोणत्याही कायद्याविना, दारू-ताडी सोडली. दारूबंदीचा मुंबई कायदा आला तो १९४९ मध्ये.