नाशपातीची चोरी

ख्रिश्चनांविषयी आपल्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं : 'त्यांचं बरं आहे, येशूवर ईमान आणलं की सगळे गुन्हे माफ, मग अमल हवेतच कशाला?' मीही तरुणपणी हे बोललो आहे. हाच वाद खुद्द ख्रिश्चनांनी सोळाशे वर्षांपूर्वी आपसात घातला होता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका बाजूला ऑगस्टीन. जन्म ३५४ चा, आजच्या अल्जीरियातल्या सूक अहरास इथला. पुढे तो हिप्पोचा बिशप झाला. ते शहर म्हणजे आजचं अन्नाबा. 'कन्फेशन्स' या पुस्तकात तो सोळाव्या वर्षी केलेली नाशपातींची चोरी सांगतो. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. मित्रांसोबत चोरली आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली. पोरांची खोडी म्हणून आपण सोडून दिली असती. तो मात्र पानंच्या पानं स्वतःला विचारत राहतो, की मग मी चोरली का? वाईटाचीच गोडी वाटली म्हणून, हे त्याला मिळालेलं उत्तर. अशा माणसाची इच्छाच आजारी आहे, ती स्वतःच्या बळावर बरी होणार नाही, देवानेच हात द्यायला हवा. मराठी बायबलमध्ये या देण्याला 'कृपा' म्हणतात.

दुसऱ्या बाजूला पेलेजियस, ब्रिटनमधून रोमला आलेला तपस्वी. जे हुकूम देवाने दिले ते पाळण्याची ताकदही देवानेच माणसाला दिली आहे, 'मी दुबळा' हे रडगाणं म्हणजे आळसाची पळवाट, असं त्याचं म्हणणं. ४१० मध्ये अलारिकने रोम लुटलं, त्या धामधुमीत तो आफ्रिकामार्गे पॅलेस्टाइनला गेला. ४१५ मध्ये लुद्द इथल्या सभेने त्याला निर्दोष ठरवलं. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने त्याची मतं नाकारली आणि बादशहा होनोरियसने त्याच्या लोकांना रोमबाहेर काढलं.

खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात मला पेलेजियसच जवळचा वाटला. कुणी दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही, हे आपण लहानपणापासून शिकतो. आदम अलैहिस्सलाम यांची तौबा कबूल झाली, मग त्यांची चूक लेकरांच्या माथी कशी? बाप्तिस्मा न होता गेलेलं तान्हं बाळ, शिक्षा सौम्य असली तरी, दोषीच, हे ऑगस्टीनचं मत तर मला आजही पटत नाही. आपल्याकडे प्रत्येक मूल फितरतवर जन्मतं.

पण मग ती हदीस आठवते, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत असलेली. केवळ अमलाच्या जोरावर कुणीही जन्नतमध्ये जाणार नाही. सहाबांनी विचारलं, आपणही नाही? हुजूर (स.) म्हणाले, मीही नाही, अल्लाहने रहमतीने झाकून घेतलं तरच. हे ऐकल्यावर आपल्या नमाजांचा हिशेब मांडणारा माणूस पेलेजियसपाशी फार वेळ थांबू शकत नाही.

४३० च्या उन्हाळ्यात वँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला होता. शहाहत्तरीला आलेला ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याचा शिष्य पोसिडियस लिहितो, की त्याने दाऊद अलैहिस्सलाम यांची पश्चात्तापाची स्तोत्रं, म्हणजे आपण ज्याला जबूर म्हणतो त्यातली, लिहून घेऊन समोरच्या भिंतीवर लावायला सांगितली. शेवटचे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारे सोडून कुणालाही आत येऊ दिलं नाही. पडल्या पडल्या तो ती वाचायचा आणि रडायचा.