तळटीप : सासवडचा दुसरा दिवस

१. ‘सासवडी एक दिवस बसून होतो’ : रायपूरच्या समता कॉलोनीतील नातवास लिहिलेल्या या पत्रातील हे वाक्य, ज्याने वारी पाहिलेली नाही त्याला आळसाची कबुली वाटेल, वस्तुतः तो वारीच्या क्रमातलाच एक मामूल आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवलेली ज्ञानेश्वरांची पालखी, पुण्यातील दोन मुक्कामांनंतर दिवेघाटाची खडी चढण ओलांडून, कऱ्हाकाठच्या या प्राचीन कसब्यात येते आणि तेथे पुन्हा दोन रात्री स्थिरावते. थकल्या पावलांना विश्रांती हे याचे एक कारण खरे. परंतु ज्यांनी १२९६ मध्ये येथे समाधी घेतली त्या सोपानदेवांची, म्हणजे माउलींच्या धाकट्या बंधूंची, ही भूमी असल्याने वारकरी या मुक्कामास भावंडांची भेट मानतात. आणि सोपानकाकांची पालखीही बहुधा याच विसाव्यात, द्वादशीस, बारामतीच्या वाटेने पंढरीस निघते. चोपदार, दिंड्यांचे क्रमांक, तंबू, अश्व हा सारा इतमाम, शिंद्यांच्या चाकरीत राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या शिस्तीचा होय. मोकळ्या दिवशी वारकरी कपडे धुतात, पायांना तेल चोळतात, समाधीचे दर्शन घेतात. पुरंदऱ्यांचा वाडा आणि १७२० मध्ये येथेच निवर्तलेल्या बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची समाधी मात्र क्वचितच कोणी पाहावयास जातो. पत्रलेखक गेले होते, हे पुढील परिच्छेदावरून दिसते. — संपादक