सुट्टीतले विद्यापीठ : पॅट्रिक गेडिस आणि एडिंबरोचे उन्हाळी वर्ग

#थ्रेड

१/१० उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे परदेशात राहून एखादा अभ्यासक्रम पूर्ण करणे, ही ब्रिटनमधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना आज परिचित असलेली प्रथा आहे. तिच्या इतिहासात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे : विद्या परीक्षेसाठी मिळवायची की जग पाहण्यासाठी? हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे एक स्कॉटिश प्राध्यापक पुढे मुंबईत आले.

२/१० सन १८७८. तेवीस वर्षांचे पॅट्रिक गेडिस लंडनमध्ये थॉमस हक्स्ली यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकले होते. तेथून ते फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील रोस्कॉफ या गावी गेले. १८७२ पासून तेथे सागरी जीवशास्त्राचे केंद्र होते. ओहोटी लागली की किनाऱ्यावर उतरायचे, जीव गोळा करायचे आणि लगेच त्यांचा अभ्यास करायचा, ही तेथील पद्धत.

३/१० तेथे गेडिस यांनी हिरव्या रंगाच्या चपट्या कृमींचा अभ्यास केला. त्या कृमी सूर्यप्रकाशात वनस्पतींप्रमाणे प्राणवायू सोडतात, असे त्यांना आढळले. रोस्कॉफहून ते पॅरिसला गेले. फ्रान्सशी जडलेले हे नाते अखेरपर्यंत टिकले. विशेष म्हणजे, पुढे प्राध्यापक झालेल्या या माणसाने परीक्षा देऊन पदवी कधीच मिळवली नाही.

४/१० १८८७ पासून गेडिस यांनी एडिंबरोमध्ये दर ऑगस्टमध्ये उन्हाळी वर्ग भरवण्यास आरंभ केला. या वर्गांना ना प्रवेशपरीक्षा होती, ना अंतिम परीक्षा. स्त्रियांनाही येथे मुक्त प्रवेश होता. स्कॉटलंडच्या विद्यापीठांनी स्त्रियांना पदवीचे दार उघडले ते १८९२ साली. गेडिस यांच्या वर्गात त्या त्याआधीच बसत होत्या.

५/१० हा विचार एकट्या एडिंबरोचा नव्हता. अमेरिकेत १८७४ साली शटॉक्वा येथे उन्हाळी शिक्षणाची चळवळ सुरू झाली होती. तिच्या प्रेरणेने १८८८ साली ऑक्सफर्डनेही उन्हाळी संमेलन भरवले. तेथे सुमारे ९०० जण आले. एरवी ज्यांना विद्यापीठाची पायरी चढता येत नसे, अशांसाठी ही सुट्टीच दार ठरली.

६/१० एडिंबरोच्या वर्गांचे वैशिष्ट्य होते ते त्यांच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपात. फ्रेंच भूगोलवेत्ते एलिझे रेक्लू आणि समाजशास्त्रज्ञ एदमों दमोलाँ तेथे व्याख्याने देण्यासाठी आले. व्याख्यानांना शहरात व परिसरात केलेल्या भ्रमंतीची जोड असे. स्थळ, श्रम आणि लोक ही तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय समाज कळत नाही, हे गेडिस यांचे सूत्र होते.

७/१० १८९२ साली त्यांनी किल्ल्याजवळील एक मनोरा ताब्यात घेतला. तोच आउटलुक टॉवर. माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत भिंगांच्या साहाय्याने शहराचे जिवंत प्रतिबिंब दिसे. तेथून खाली उतरताना आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, पुढे युरोप आणि अखेरीस जग, अशी दालने लागत. आपल्या गावापासून जगापर्यंत जाणारा अभ्यासक्रमच जणू त्या जिन्यावर मांडलेला होता.

८/१० १९१४ साली गेडिस भारतात आले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पासष्टीकडे झुकलेले गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. यातला विरोधाभास लक्षणीय आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून स्थापन झाले होते. परीक्षांचा हा टीकाकार नेमका तेथेच शिकवू लागला.

९/१० मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना बसले आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन केंब्रिजमध्ये शिकले. १९२४ साली गेडिस गेल्यावर विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. मात्र घुर्ये यांची अभ्यासपद्धती गेडिस यांच्यापेक्षा निराळी होती. गुरूचे सूत्र जसेच्या तसे पुढे चालले नाही. पुढे गेली ती जिज्ञासा.

१०/१० भारतातून परतल्यावर गेडिस यांनी १९२४ साली दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे स्कॉट्स कॉलेज उभारले. स्कॉटलंडच्या विद्यार्थ्यांनी परदेशात राहून शिकावे, हा त्यामागील हेतू. १९३२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. रोस्कॉफच्या किनाऱ्यावर एका तरुणाला जे लाभले, ते इतरांनाही लाभावे, यासाठी त्यांनी अर्धशतक वेचले. आज अशा अभ्यासक्रमांच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते. गेडिस यांच्या वर्गातून परतणाऱ्याकडे पदवी नसे. पण स्वतःचे शहर नव्याने पाहण्याची दृष्टी त्याला लाभावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.