बहिःस्थ : मोठेपणी विद्यापीठाच्या दाराशी परतलेल्यांचा इतिहास

मराठी विद्यापीठांच्या व्यवहारात ‘बहिःस्थ विद्यार्थी’ हा शब्द फार जुना आहे. महाविद्यालयात नाव न घालता, घरी अभ्यास करून थेट परीक्षेला बसणारा तो बहिःस्थ. शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो, बाहेर उभा असलेला. नोकरी, शेती, संसार किंवा दारिद्र्य यांपायी ज्याचे शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि जो मोठ्या वयात पुन्हा पदवीकडे वळला, त्याला आपल्या भाषेने दिलेले हेच एक नाव. दुसरा जवळचा शब्द ‘प्रौढ शिक्षण’. पण १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमापासून आणि १९८८ च्या साक्षरता अभियानापासून त्याचा अर्थ अक्षरओळखीपुरताच उरला. चाळिसाव्या वर्षी बी.ए. करू पाहणाऱ्या माणसाला ‘प्रौढ शिक्षण घेतो’ म्हटले तर तो रागावेल. ज्या गोष्टीला भाषेत नीट नाव नसते तिच्याकडे धोरणकर्त्यांचेही लक्ष जात नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या विद्यार्थ्याचा इतिहास एकदा सलग मांडावा आणि तो सीमाभागातील व महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाच्या आजच्या अडचणीपर्यंत आणून सोडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात अर्थात विद्यापीठाच्या खालच्या पायऱ्यांवर झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केले. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, विशी ओलांडलेल्या होत्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले ते मुख्यतः शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांसाठी. या तिन्ही प्रयत्नांत एक समान सूत्र दिसते. शिकणाऱ्याचे वय आणि शिकणाऱ्याची सवड हे दोष मानले गेले नाहीत. शाळेने आपले वेळापत्रक त्यांच्याप्रमाणे वाकवले.

हेच सूत्र विद्यापीठाच्या पातळीवर नेण्याचे श्रेय महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. पुढे ठाकरसी कुटुंबाच्या देणगीमुळे त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, हे या विद्यापीठाचे पहिले तत्त्व होते. पदव्यांची नावेसुद्धा देशी घडणीची होती. पदवीधर स्त्री ‘गृहीतागमा’ आणि तिच्या वरची ‘प्रदेयागमा’. आद्याक्षरे मात्र जी.ए. आणि पी.ए. अशी लिहिली जात. घरी अभ्यास करून परीक्षा देण्याची मुभा येथे होती आणि तिचा लाभ घेतलेल्यांमध्ये संसारी व नोकरदार स्त्रिया होत्या. कोसबाडच्या अनुताई वाघ यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बालपणी वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षिकेची नोकरी करता करता रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक केले आणि आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवीत असताना, पन्नाशी उलटल्यावर, याच विद्यापीठाची पदवी घेतली.

मात्र वकिलाच्या नजरेने पाहिले तर या कथेला एक उणी बाजू आहे. महिला विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. म्हणजे साडेतीन दशके तेथील पदवीला समाजात मान होता, पण कायद्याचे पाठबळ नव्हते. मोठेपणी कष्टाने मिळवलेली पदवी सरकारदरबारी चालेल की नाही, ही धाकधूक बहिःस्थ विद्यार्थ्याच्या वाट्याला तेव्हापासून आहे. ती आजही सरलेली नाही.

मोडलेले शिक्षण पुन्हा जोडण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण पुष्कळ वाचतो, परंतु शिक्षण अर्ध्यावर सुटलेला संसारी विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे सेवा करायची, असा करार होता. १९१६ मध्ये ते लंडनला पोचले, अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. ती नोकरी सुटली. १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, आणि १९२० मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, पत्नी रमाबाई व कुटुंब मुंबईत ठेवून ते लंडनला परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. अशी त्या अर्धवट कामाची पूर्तता झाली.

या कहाणीत पुरुषार्थ बाबासाहेबांचा आहे, हे सांगणे नको. पण त्या पुरुषार्थाला टेकू कशाकशाचे होते, हे मोजून पाहिले पाहिजे. पहिला टेकू पैशाचा, आणि तो एका दात्याचा नव्हता. स्वतःची बचत, राजाची मदत आणि मित्राचे कर्ज या तिन्हींची मिळून ती पुंजी झाली. दुसरा टेकू घराचा. मागे राहिलेल्या रमाबाईंनी ओढगस्तीत संसार चालवला म्हणून पुढचा अभ्यास झाला. आणि तिसरा टेकू नियमाचा. १९१७ साली निघताना लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. ही लेखी परवानगी नसती तर साठवलेल्या पैशांचा उपयोग काय झाला असता? परतणाऱ्या विद्यार्थ्याला जिद्द लागतेच, पण त्याची जुनी नोंद जपून ठेवणारी संस्थाही लागते.

बाबासाहेब हा धडा विसरले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे वर्ग सकाळी भरत. दहाच्या सुमारास कचेरीत रुजू होणारा कारकून, टपाल खात्यातला नोकर किंवा गिरणीतला कामगार तास संपवून कामावर जाऊ शके. एका वेळापत्रकाने किती जणांसाठी दार उघडते, याचे ते उदाहरण होते. अशाच काळात दक्षिणेत दुर्गाबाई देशमुख घडत होत्या. बालविवाहाच्या बंधनातून आणि सत्याग्रहातील तुरुंगवासातून बाहेर पडून त्यांनी मोठेपणी मॅट्रिकपासून आरंभ केला आणि १९४२ मध्ये मद्रासला कायद्याची पदवी मिळवली. पुढे केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष असताना १९५८ मध्ये त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना आणली. ज्याला स्वतःला बाहेर उभे राहावे लागले, तोच बहुधा दाराची रुंदी वाढवतो.

आमच्या व्यवसायाच्या बाबतीत मात्र गाडी उलट दिशेला गेली. सकाळ-संध्याकाळच्या वर्गांतून कायदा शिकलेल्या नोकरदार वकिलांची एक पिढीच आम्ही पाहिली आहे. २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच भरवण्याचे बंधन घातले. कायद्याची पदवी दूरस्थ पद्धतीने घेतली तर वकिलीची सनद मिळत नाही. त्याच नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० वर्षांची वयोमर्यादाही होती. ती काढली गेली, पुन्हा लावली गेली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वकिली शिकायला प्रत्यक्ष वर्ग हवेत, हे आम्हाला मान्य आहे. पण तिशी ओलांडलेला माणूस वकिलीला अपात्र का, याचे पटणारे उत्तर आम्हाला कधी मिळाले नाही.

यानंतरचा मोठा टप्पा मुक्त विद्यापीठांचा. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८२ मध्ये हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, जे आज डॉ. बाबासाहेबांचेच नाव धारण करते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे घोषवाक्य. बारावीचे प्रमाणपत्र नसलेल्या माणसासाठी त्याने ‘पूर्वतयारी’ नावाचा छोटा शिक्षणक्रम ठेवला. तो पार केला की पदवीला प्रवेश. यामागे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांचा आधार होता. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला शालेय प्रमाणपत्राशिवाय, प्रवेश परीक्षेच्या जोरावर, पहिल्या पदवीला बसता येईल असे त्यांत म्हटले होते. मराठीतून लिहिलेली स्वयंअध्ययनाची पुस्तके, रविवारी भरणारी संपर्कसत्रे आणि श्रेयांक साठवण्याची सोय, यांमुळे कर्वे आणि आंबेडकर यांच्या दोन्ही वाटा येथे एकत्र आल्या.

पण दार उघडे दिसले म्हणून कोठूनही आत शिरू नये. काही विद्यापीठांनी पहिली पदवी नसतानाच थेट एम.ए. देण्यास सुरुवात केली होती. २००९ मध्ये अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, पायाभूत पदवीशिवाय मिळवलेली ही पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरता येणार नाही. बढतीच्या वेळी पदवी नाकारली गेली म्हणून वकिलाकडे येणाऱ्यांमध्ये अशी घाई केलेले बरेच असतात. त्यांचा दोष थोडा असतो, माहितीचा अभाव मोठा असतो.

आता आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाच्या प्रश्नाकडे येऊ. एके काळी विद्यापीठाची हद्द आणि राज्याची हद्द एक नव्हती. बडोदा महाविद्यालय संस्थानात असूनही १९४९ पर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. इंदूरचे होळकर महाविद्यालय एके काळी थेट कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेले होते. गोवा मुक्त झाल्यावर तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाकडे आली आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत हाच संबंध टिकला. महिला विद्यापीठाची महाविद्यालये गुजरातेतही होती. २००५ मध्ये प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्याने स्थापलेले विद्यापीठ राज्याबाहेर चालू शकत नाही असे स्पष्ट केले. कागदी विद्यापीठांचा सुळसुळाट थांबवण्यासाठी तो निवाडा आवश्यकच होता. त्यानंतर २०१३ मध्ये अनुदान आयोगाने दूरस्थ शिक्षणालाही राज्याच्या हद्दीचे कुंपण घातले. बोगस दुकानांसाठी घातलेल्या या कुंपणाने नाशिकची ज्ञानगंगाही महाराष्ट्राच्या सीमेवर अडवली. बेळगाव, बीदर, पणजी, इंदूर किंवा वडोदरा येथे तिचे अभ्यासकेंद्र असू शकत नाही. म्हैसूरचे मुक्त विद्यापीठ आहे, पण त्याची भाषा कन्नड आणि इंग्रजी. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ सर्वत्र पोचते, पण त्याचे बहुतेक शिक्षणक्रम इंग्रजी आणि हिंदीत. वीस वर्षे मराठीतच वाचन केलेल्या बेळगावच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला इतिहासाची पदवी हवी असेल, तर तिने आधी भाषा बदलायची की गाव बदलायचे?

या प्रश्नाला एक फट आहे. २०२० च्या विनियमांप्रमाणे मान्यताप्राप्त ऑनलाइन शिक्षणक्रमांना प्रादेशिक हद्दीची अट नाही. म्हणून मराठी माध्यमाच्या पदव्या पूर्णपणे ऑनलाइन स्वरूपात आणाव्यात आणि त्यांच्या परीक्षा सीमेबाहेर देता याव्यात, ही मागणी कायद्याच्या चौकटीत बसणारी आहे. तिच्यासाठी कोणत्याही सीमावादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरी मागणी जुन्या नोंदींची. २०२१ पासून श्रेयांक बँकेची व्यवस्था आली, पण तेथे साठवलेले श्रेयांक साधारणपणे सात वर्षेच चालतात. विसाव्या वर्षी शिक्षण सोडून चाळिसाव्या वर्षी परतणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याच्या अनुभवाला आणि जुन्या गुणपत्रिकेला काही मोल द्यावे लागेल.

तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षाची, त्या शिक्षणक्रमाची मान्यता अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावी. एका वर्षाची मान्यता पुढच्या वर्षी असेलच असे नाही. शाळा-महाविद्यालयाचे जुने दाखले, नापासाची गुणपत्रिकासुद्धा, फेकू नयेत. आणि गावोगावच्या मराठी वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या विद्यार्थ्यांना द्यावी. एक टेबल, चार खुर्च्या, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अर्ज भरून देणारा एक निवृत्त शिक्षक एवढे पुरे आहे. सयाजीरावांच्या बडोद्यात १९१० पासून मोफत वाचनालयांचे जाळे विणले गेले, त्यामागेही हाच विचार होता की शाळा सुटली तरी शिकणे सुटू नये. बहिःस्थ माणसाला आत घ्यायला प्रत्येक वेळी विद्यापीठाची इमारतच लागते असे नाही. वाचनालयाचे दार संध्याकाळी सातनंतर तासभर उघडे ठेवणे कोणत्याही राज्याच्या हद्दीत बेकायदा नाही.