सिकलसेल असेल तर साथीचा ताप अंगावर काढू नका. धोका कुणाला, दवाखान्यात कधी जायचं? वाचा सविस्तर

आटपाडी : साथीचा ताप आला की आपल्याकडं पहिले दोन दिवस मेडिकलमधून गोळी आणून काढले जातात. बहुतेकांचं त्यावर भागतंही. पण घरात कुणाला सिकलसेलचा आजार असेल, तर हेच दोन दिवस महागात पडू शकतात.

सिकलसेल म्हटलं की गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, नंदुरबार ही नावं पुढं येतात. सांगली जिल्ह्यात हा आजार कमी दिसतो, म्हणून तो पटकन लक्षातही येत नाही. तो फक्त आदिवासींनाच होतो असंही नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. नोकरी, लग्न, मजुरी यामुळं माणसं आता एका जिल्ह्यात राहत नाहीत. आपल्या आटपाडी-खानापूरचे गलाई कामगारच देशभर विखुरलेले आहेत. त्यामुळं माहिती सगळ्यांकडं असलेली बरी.

आजार नेमका काय?

सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात हिमोग्लोबिनमध्ये जन्मजात दोष असतो. अंगात ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडलं की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हात-पाय, पाठ, छाती असह्य दुखते. चांगली पेशी साधारण 120 दिवस जगते, ही मात्र 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी राहतं, डोळे पिवळे दिसतात. अनेकदा याला साधी कावीळ समजून झाडपाला दिला जातो आणि खरा आजार तसाच राहतो.

साथीत धोका जास्त का?

पहिलं कारण प्लीहा, म्हणजे पाणथरी. जंतूंशी लढणारा हा अवयव या रुग्णांमध्ये लहानपणीच निकामी होत जातो. त्यामुळं विषाणूचा ताप आला की त्याच्या मागोमाग न्यूमोनियाचे जंतूही घुसतात.

दुसरं कारण फुफ्फुस. ताप, कमी पाणी आणि कमी ऑक्सिजन या तिन्ही गोष्टी पेशींना वाकड्या करतात. फ्लू असो वा कोरोना, या तिन्ही एकदम घडवून आणतो. छातीत दुखणं, दम लागणं, ऑक्सिजन उतरणं हे काही तासांत वाढू शकतं.

तिसरं कारण कमी माहितीचं आहे. पार्व्हो बी-19 नावाचा विषाणू लहान मुलांत गालावर लाल पुरळ आणून निघून जातो. पण सिकलसेलच्या मुलात तो काही दिवस रक्त तयार होणंच थांबवतो. पोर अचानक पांढरं पडतं, गळून जातं. तेव्हा तातडीनं रक्त चढवावं लागू शकतं.

कोरोनात काय दिसलं?

मार्च 2020 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एका कुटुंबापासून कोरोना कसा पसरला, हे सगळ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी मार्च ते मे दरम्यान अमेरिकेत कोरोना झालेल्या 178 सिकलसेल रुग्णांची नोंद झाली. त्यातले 122 जण दवाखान्यात दाखल झाले, 13 दगावले. यातले बहुतेक चाळिशीच्या आतले होते. ही दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांची नोंद आहे, त्यामुळं प्रत्येकाला एवढाच धोका असतो असं नाही. पण तरुण आहे म्हणून निर्धास्त राहू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणखी एक अडचण रक्ताची. लॉकडाऊनमध्ये रक्तदान शिबिरं बंद पडली आणि ज्यांना रक्त लागतं त्यांची धावपळ झाली. साथीच्या काळात धडधाकट माणसानं रक्तदान करणं म्हणूनच महत्त्वाचं.

घरी काय जपायचं?

• पाणी भरपूर प्या. उन्हात काम आणि थंड पाण्यानं अंघोळ टाळा.
• डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडची गोळी मनानं बंद करू नका.
• न्यूमोनियाची आणि दरवर्षीची फ्लूची लस याबद्दल डॉक्टरांना विचारा. कोरोनाची लस घेतली नसेल तर तेही विचारा.
• स्टेरॉईडची गोळी किंवा इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्यानं दुखणं उलटू शकतं.
• साथ असेल तेव्हा गर्दीत मास्क लावा. घरात कुणाला खोकला-ताप असेल तर रुग्णाला वेगळ्या खोलीत झोपवा.

वाट न बघता दवाखाना गाठा, जर...

• ताप 101 च्या वर गेला
• छातीत दुखतंय, दम लागतोय
• ऑक्सिजन नेहमीपेक्षा उतरलाय किंवा 95 च्या खाली आहे
• पोर एकदम पांढरं पडलं, किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगलं
• तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला
• गोळी घेऊनही दुखणं थांबत नाही

आधी आटपाडीचं ग्रामीण रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर 108 ला फोन करा. गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच सांगा, ‘पेशंटला सिकलसेल आहे.’ जुने रिपोर्ट आणि रक्तगट एका पिशवीत तयार ठेवा. गरज पडली तर तिथून सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात पाठवता येतं.

वाहक आणि रुग्ण यात फरक

आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही, त्यानं घाबरायचं कारण नाही. मात्र दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्नाआधी रक्त तपासलेलं बरं. केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून 2047 पर्यंत हा आजार संपवण्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी कुठं होते, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. त्यामुळं लपवू नका. लपवलेला आजार साथीच्या वेळी डॉक्टरांनाही दिसत नाही, आणि उपचाराचा वेळ तिथंच जातो.