नक्कल आणि संहिता : जॉनी लिव्हर यांची कारकीर्द

हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात विनोदी नटाची नोंद बहुधा भूमिकांच्या यादीपुरती होते. त्याने उच्चारलेल्या शब्दांचा कर्ता कोण, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. जॉनी लिव्हर यांच्याबाबत तो टाळता येत नाही.

जॉन प्रकाश राव जनुमला यांचा जन्म १९५७ साली आंध्र प्रदेशातील कनिगिरी येथे, तेलुगू ख्रिस्ती कुटुंबात झाला. बालपण मुंबईत, धारावी परिसरात गेले. घरच्या ओढगस्तीमुळे सातवीनंतर शाळा सुटली. रस्त्यावर पेने विकताना ते चित्रपटनटांच्या नकला करून गिऱ्हाईक जमवीत. पुढे वडिलांप्रमाणे तेही हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामाला लागले. तेथील एका समारंभात त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्यांना ‘जॉनी लिव्हर’ हे नाव बहाल केले. हा प्रसंग निव्वळ किस्सा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः साहेबाची थट्टा करणाऱ्याला साहेबाच्याच कंपनीचे नाव देण्यात कामगारांचाही विनोद होता.

१९८१ साली नोकरी सोडल्यावर कल्याणजी-आनंदजी यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांनी त्यांना मोठा प्रेक्षक दिला. दोन गाण्यांमधील अवकाशात लिखित संहितेचा आधार नसे. प्रेक्षकांचा प्रतिसाद हीच दिशा. १९८२ साली सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’मध्ये त्यांना भूमिका मिळाली. खरी कीर्ती मात्र ‘बाजीगर’ने (१९९३) दिली.

तौलनिक दृष्टीने हा चित्रपट लक्षणीय आहे. त्याचे कथाबीज आयरा लेव्हिन यांच्या १९५३ सालच्या अमेरिकन कादंबरीतले. बाबूलाल हा विसराळू नोकर मात्र त्या कादंबरीत नाही. परक्या कथेत ही जागा देशी प्रयोगपरंपरेने निर्माण केली. तमाशातील सोंगाड्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो मर्यादेतच ठेवावा. सोंगाड्या सरदाराला अडवून उलटतपासणी करू शकतो, कथेची दिशा वळवू शकतो. बाबूलालला तो अधिकार नाही. त्याचे प्रसंग वगळले तरी सूडकथा अबाधित राहते. रंगमंचावर साहेबाला लक्ष्य करणारी नक्कल येथे नोकराच्या वेंधळेपणावर येऊन थांबते. हा तोटा लोकप्रियतेच्या झगमगाटात दुर्लक्षित राहिला.

या भूमिकेतील विनोद आपण बव्हंशी चित्रीकरणाच्या वेळीच रचला, असे लिव्हर यांनी पुढे सांगितले. ‘बाजीगर’च्या पटकथेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो तिच्या तीन लेखकांना. लिव्हर यांना ‘दीवाना मस्ताना’ (१९९७) आणि ‘दूल्हे राजा’ (१९९८) या चित्रपटांसाठी विनोदी अभिनेत्याचे पारितोषिक लाभले. ते अभिनयाचे होते, रचनेचे नव्हे. त्यांची स्वतःची रचना त्यांच्याच नावाने श्रोत्यांपर्यंत पोहोचली ती ‘हँसी के हंगामे’सारख्या ध्वनिफितीतून, आणि ध्वनिफितींना वाङ्मयेतिहासात अद्याप जागा नाही.