'व्हिस्कर्स' : कुंचा, मिशा आणि कल्ले

आजचा शब्द आहे 'व्हिस्कर्स'. हा शब्द काढला की आपल्याला आधी मांजर आठवतं. पण मांजर या गोष्टीत बऱ्याच उशिरा येतं, सतराव्या शतकात.

मूळ शब्द 'व्हिस्क'. तो स्कँडिनेव्हियाकडून इंग्रजीत आला. अर्थ गवताची, काड्यांची जुडी. अशा जुडीने झाडणं, झटकणं म्हणजेही व्हिस्क. स्वयंपाकघरात अंडी फेटायचं साधन आहे ना, तोही हाच शब्द. म्हणजे 'व्हिस्कर' हा आधी झटकणारा, झाडणारा. माणसाच्या तोंडावरच्या केसांना हे नाव मिळालं १६०० च्या आसपास, आणि तेही बहुधा थट्टेनं. ओठावर झाडू घेऊन फिरणारा माणूस!

इथे आपण थोडं थांबू, कारण हीच उपमा आपल्याकडेही आहे. संस्कृतात 'कूर्च' म्हणजे गवताची जुडी, कुंचा आणि दाढीसुद्धा. आपला कुंचा, कुंचला याच घराण्यातले. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता केसांत झाडू पाहिला. 'श्मश्रू'ची गंमत तर त्याहून वेगळी. संस्कृतात ती दाढी-मिशी, आणि मराठीत 'श्मश्रू केली' म्हणजे तीच काढून टाकली.

आता महत्त्वाचा मुद्दा. व्हिस्कर्स म्हणजे नेमके कुठले केस? सुरुवातीला मिशासुद्धा. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात गालावरचे केस आणि मिशा असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात 'मुस्टॅश' हा शब्द ओठावर पक्का बसला आणि व्हिस्कर्स गालांवर सरकले, म्हणजे आपले कल्ले. त्यामुळे अठराव्या शतकातल्या इंग्रजाने एखाद्या सरदाराच्या 'व्हिस्कर्स'बद्दल लिहिलं असेल आणि आपण डोळे मिटून 'कल्ले' असं भाषांतर केलं, तर त्या माणसाची मिशीच आपण उतरवून ठेवतो. आमच्या मते अशा ठिकाणी आधी कागदाचं साल पाहावं, मग कोश उघडावा.

हा फरक फौजेत तर फारच जाणवायचा. ब्रिटिश पायदळात मिशांना बराच काळ मज्जाव होता, गालावरचे कल्ले मात्र चालायचे. हिंदुस्थानात सफाचट ओठ म्हणजे मर्दपणाला उणेपणा, असं इथले शिपाई मानत, असं कारण सांगितलं जातं. १८५४ मध्ये मुंबई लष्करातल्या युरोपीय सैनिकांना मिशा सक्तीच्या झाल्या. पुढे ही सक्ती सगळ्या ब्रिटिश फौजेत आली आणि थेट १९१६ च्या ऑक्टोबरात, पहिलं महायुद्ध चालू असताना उठली.

कल्ल्यांचं 'साइडबर्न्स' हे नाव अमेरिकेतलं. तिथल्या यादवी युद्धातले जनरल अँब्रोझ बर्नसाइड १८६२ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला सपाटून हरले, पण त्यांचे भरघोस कल्ले प्रसिद्ध होते. लोक त्या कल्ल्यांना 'बर्नसाइड्स' म्हणू लागले. मग केस 'साइड'ला आहेत म्हणून शब्द उलटा फिरला, आणि त्यातलं जनरलसाहेबांचं नाव आज कुणाच्या लक्षातही येत नाही.